तिजोरीची किल्ली आणि अण्णांना ठाऊक असलेला पासवर्ड

पत्राचा सारांश: पत्र लिहिणाऱ्या ताई एका नागरी सहकारी बँकेच्या तालुक्याच्या गावातल्या शाखेत पासिंग ऑफिसर, म्हणजे दुसऱ्याने केलेल्या एंट्र्या तपासून मंजूर करणाऱ्या अधिकारी आहेत. नोकरीला ११ वर्षं झाली. एप्रिलपासून शाखेच्या माहिती सुरक्षेचं कामही त्यांच्याकडे आलं आहे. त्यासाठी मुख्य कार्यालयात एका दिवसाचं प्रशिक्षण झालं. आता परिपत्रक आलं आहे: पासवर्ड दर ३० दिवसांनी बदला, कुणालाही सांगू नका, २ मिनिटं हात लागला नाही की स्क्रीन लॉक होईल, ग्राहकांची कागदपत्रं व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवू नका. सगळ्यांनी हमीपत्रावर सह्या करायच्या आणि नियम मोडणाऱ्यांची नावं १५ दिवसांत कळवायची.

अडचण अशी, की शाखेत हे नियम सगळेच मोडतात. हेड कॅशियर अण्णांची नोकरी २७ वर्षांची. ताईंना व्हाउचर कसं तपासायचं हे त्यांनीच शिकवलं. शाखाधिकारी वसुलीला बाहेर गेले की अण्णा त्यांच्या आयडीने एंट्र्या पास करतात. नव्या क्लार्कने पासवर्ड कॅल्क्युलेटरखाली चिकटवून ठेवला आहे. आणि मुलाच्या शाळेतून फोन आला तेव्हा ताईंनी स्वतःही आपला पासवर्ड अण्णांना सांगितला होता. त्या विचारतात: 'अण्णांचं नाव कळवलं तर कृतघ्न ठरेन, नाही कळवलं तर कर्तव्यात कसूर होईल. शाखाधिकारी म्हणतात, एक-दोघांना मेमो मिळाल्याशिवाय बाकीचे सुधारायचे नाहीत. अण्णांना विचारलं तर ते म्हणतात, आपल्यात काय परकं आहे? मी काय करू?'

प्रिय ताई,

तुमच्या पत्रात न आलेली एक गोष्ट आधी विचारते. तुमच्या शाखेत तिजोरीला दोन किल्ल्या असतील. एक अण्णांकडे, दुसरी शाखाधिकाऱ्यांकडे. या ११ वर्षांत अण्णांनी कधी आपली किल्ली कुणाच्या हातात देऊन 'तुम्हीच उघडा, मी जरा चहा घेऊन येतो' असं म्हटल्याचं आठवतं? मला वाटतं, नाही. घरचं लग्न असो नाहीतर दवाखाना, रजेवर जाताना त्यांनी रक्कम मोजून दिली असेल, रजिस्टरात नोंद केली असेल आणि दोघांच्या सह्या झाल्यावरच किल्ली सोडली असेल.

म्हणजे ज्यांचं नाव नियम मोडणाऱ्यांत घालायचं की नाही म्हणून तुमची झोप उडाली आहे, तेच अण्णा त्याच इमारतीत तसाच दुसरा नियम २७ वर्षं काटेकोर पाळत आले आहेत. दोन्ही नियमांचा अर्थही एकच आहे: एकट्याच्या हाताने पैसा हलू नये. मग एक पाळला जातो आणि दुसरा रोज दुपारी मोडतो, असं का? नावांच्या यादीआधी या प्रश्नाचं उत्तर शोधायला हवं. ते सापडलं तर यादीचा प्रश्न बराचसा सुटेल असं मला वाटतं.

मी बरीच वर्षं सहकारी बँकांच्या तपासणीत काढली. त्यातून मला दिसलेला फरक सांगते. किल्ली दिली की ती आपल्याकडे राहत नाही. कमरेचं वजन कमी झालेलं लगेच जाणवतं. पासवर्ड सांगितला तरी आपला आपल्याकडेच राहतो, काही गेलं असं वाटतच नाही. हा झाला एक भाग. त्याहून मोठा भाग असा, की किल्लीचा धारक गैरहजर असेल तर काय करायचं हे जुन्या लोकांनी ठरवून ठेवलं आहे. रजिस्टर आहे, बदली धारक आहे, वेळ लागला तरी वाट आहे. शाखाधिकारी वसुलीला गेल्यावर त्यांच्या मर्यादेतली एंट्री कुणी पास करायची याची वाट तुमच्या शाखेत आहे का? पत्रावरून तरी दिसत नाही. काउंटरवर माणूस उभा आहे, त्याला आरटीजीएस करून एसटी पकडायची आहे, साहेब ४० किलोमीटरवर एका थकबाकीदाराच्या ओट्यावर बसले आहेत. नियम सांगतो, थांबा. ग्राहक, साहेब आणि सवय तिघंही सांगतात, करा. अण्णा करतात.

याला मी बेशिस्त म्हणणार नाही. काम अडू नये म्हणून अण्णा नियमाला वळसा घालतात. आणि माझ्या अनुभवात असा वळसा घालणारी माणसं बहुतेक वेळा शाखेतली सर्वांत कामसू माणसं असतात. कामचुकार माणूस 'साहेब आले की या' म्हणून मोकळा होतो. त्याच्या हातून हा नियम कधीच मोडत नाही.

यावर अभ्यासही झाला आहे. २००८ साली लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधल्या अँजेला सासे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक साधी कल्पना मांडली. सुरक्षेचे नियम पाळायची माणसाची तयारी ही खात्यातल्या शिलकीसारखी असते. प्रत्येक नियम त्यातून थोडं काढतो: थोडा वेळ, थोडी आठवण, थोडा उशीर. शिलक संपली की पुढचा नियम, कितीही महत्त्वाचा असला तरी, परत येतो. चेक परत यावा तसा. तुमचाच हिशेब मांडून पाहू. समजा काउंटरवर दिवसाला ८० ग्राहक येतात. नोटा मोजताना, सही पडताळताना, आजोबांना फॉर्म भरून देताना २ मिनिटं होतात आणि स्क्रीन लॉक होते. दिवसातून ४० वेळा अर्धा अर्धा मिनिट पासवर्ड टाकण्यात गेला तर २० मिनिटं गेली. काउंटरमागे, सगळ्यांच्या समोर बसून अशी २० मिनिटं रोज घालवायला सांगणारा नियम मुख्य कार्यालयातल्या शांत खोलीत ठरला आहे. तिथे काउंटर नाही.

३० दिवसांच्या पासवर्डचंही तसंच आहे. सारखा बदलायला लावला की माणसं जुन्याच्या शेवटी आकडा वाढवतात किंवा महिन्याचं नाव जोडतात. अमेरिकेतल्या नॉर्थ कॅरोलिना विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१० मध्ये दाखवलं, की जुना पासवर्ड हाती असेल तर ४१ टक्के प्रकरणांत नवा काही सेकंदांत शोधता येतो. तिथल्या एनआयएसटी या मानकं ठरवणाऱ्या सरकारी संस्थेने २०१७ पासून ठरावीक मुदतीने पासवर्ड बदलायला लावू नका, फुटल्याचा पुरावा असेल तेव्हाच बदलायला लावा, असं सांगायला सुरुवात केली. तुमच्या बँकेचं धोरण तुम्ही एकट्याने बदलू शकत नाही आणि ते असेपर्यंत पाळावंच लागेल. पण कॅल्क्युलेटरखालच्या त्या चिठ्ठीसाठी नव्या क्लार्कवर रागावण्याआधी हे माहीत असू द्या. त्या चिठ्ठीला थोडा हातभार धोरणाचाही लागला आहे. चिठ्ठी मात्र आजच काढायला लावा. पासवर्डऐवजी ओळखीच्या चार-पाच शब्दांचं एक लांब वाक्य घ्यायला शिकवा. आजोळचं गाव, तिथलं झाड, कुणाची हाक, असं काही. प्रणालीत तेवढी अक्षरं बसत असतील तर ते लक्षातही राहतं.

आता अण्णांचं ते वाक्य, 'आपल्यात काय परकं आहे?' तुमच्या पत्रात मला हे सगळ्यांत महत्त्वाचं वाटलं. १९५७ मध्ये ग्रेशम साइक्स आणि डेव्हिड मॅट्झा या दोन अमेरिकी समाजशास्त्रज्ञांनी बालगुन्हेगारांविषयी लिहिताना एक गोष्ट दाखवली. नियम मोडणारी मुलं नियम चुकीचा आहे असं म्हणत नाहीत. आपल्यापुरतं त्यातून सुटायचं कारण आधी मनाशी तयार करतात. कुणाचं नुकसान झालं? माझा इलाज नव्हता. मित्रासाठी केलं. २०१० मध्ये मिक्को सिपोनेन आणि अँथनी व्हान्स यांनी हाच विचार कार्यालयातल्या माहिती सुरक्षेला लावून पाहिला. कर्मचारी नियम मोडतील का, हे अशा मनातल्या समर्थनांवरून चांगलं कळतं, औपचारिक शिक्षेच्या भीतीने त्यात फारसा फरक पडत नाही, असं त्यांना आढळलं. तुमच्या शाखाधिकाऱ्यांचं मेमोचं औषध का लागू पडत नाही, हे यातून कळेल. अण्णा मेमोला भीत नाहीत असं नाही. पण पासवर्ड सांगणं किंवा वापरणं त्यांच्या मनात गुन्ह्याच्या रकान्यात बसलेलंच नाही. ते आपलेपणाच्या रकान्यात आहे. तिथे शिक्षेचा धाक पोचत नाही. उलट मेमो आला तर अण्णा काय शिकतील? की बँकेसाठी राबलो त्याचं हे फळ. आणि उरलेले पाच जण शिकतील की ताईंच्या समोर काही बोलायचं नाही.

हे दुसरं जास्त धोक्याचं आहे. एका तपासणीत मी एक शाखा पाहिली होती. तिथल्या एका मुलीने सकाळी ११ वाजता ईमेलमधली एक फाइल उघडली. काहीतरी गडबड झाल्याचं तिला लगेच कळलं होतं. तिने सांगितलं संध्याकाळी साडेपाचला. का, म्हणून विचारल्यावर ती रडायला लागली. आदल्या वर्षी अशीच चूक प्रामाणिकपणे सांगणाऱ्या तिच्या सहकाऱ्याला मेमो मिळाला होता, वेतनवाढही रोखली होती. त्या शाखेचं मोठं नुकसान झालं नाही, पण मधल्या साडेसहा तासांत काहीही होऊ शकलं असतं. सर्ट-इन या केंद्र सरकारच्या संस्थेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार सायबर घटना लक्षात आल्यापासून ६ तासांत कळवावी लागते. काउंटरवरचा माणूस आधी तुम्हाला सांगायलाच घाबरत असेल तर बँक वेळेत कळवणार कुठून? शाखेच्या माहिती सुरक्षेचं काम तुमच्याकडे आहे, म्हणजे तुमची खरी कमाई एकच: चूक झाल्यावर माणूस पाच मिनिटांत तुमच्या टेबलाशी येतो की नाही.

एवढं सगळं अण्णांच्या बाजूने बोलून झाल्यावर आता दुसरी बाजू. इथे मी ढिली पडणार नाही.

सगळे नियम सारख्या वजनाचे नसतात. स्क्रीन लॉक २ मिनिटांनी की ५ मिनिटांनी, यावर चर्चा होऊ शकते. एकाने एंट्री करायची आणि दुसऱ्याने पास करायची, या नियमावर होऊ शकत नाही. अण्णा स्वतःची एंट्री साहेबांच्या आयडीने पास करतात तेव्हा तिजोरीच्या दोन्ही किल्ल्या एकाच कमरेला लागलेल्या असतात. पंजाब नॅशनल बँकेच्या मुंबईतल्या ब्रॅडी हाउस शाखेचं प्रकरण २०१८ च्या फेब्रुवारीत बाहेर आलं, ते आठवा. कर्जाची हमी देणारे हजारो कोटींचे संदेश स्विफ्ट या बँकांच्या आंतरराष्ट्रीय संदेश यंत्रणेतून परदेशी गेले आणि बँकेच्या मुख्य संगणक प्रणालीत त्यांची नोंदच नव्हती. या धोक्याबद्दल रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट २०१६ पासून किमान तीनदा सावध केलं होतं. शेवटी काय करावं लागलं? ३० एप्रिल २०१८ ची मुदत देऊन दोन्ही प्रणाली एकमेकींना जोडायला लावल्या. सूचना अनेकदा दिल्या होत्या. उपाय केला तो वाट बंद करून.

मुख्य कार्यालयाच्या घाईलाही कारण आहे, तेही समजून घ्या. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये पुण्याच्या कॉसमॉस बँकेच्या एटीएम आणि स्विफ्ट यंत्रणांवर हल्ला होऊन सुमारे ९४ कोटी रुपये गेले. कार्डांवरून २८ देशांत पैसे काढले गेले. तो हल्ला शाखेतल्या पासवर्डवरून झालेला नव्हता, पण सहकारी बँकांना हात लावायला कुणी येणार नाही हा आपला समज त्या दोन-तीन दिवसांत संपला. दोनच महिन्यांनी रिझर्व्ह बँकेची नागरी सहकारी बँकांसाठी सायबर सुरक्षेची मूलभूत चौकट आली आणि ३१ डिसेंबर २०१९ ला बँकांचे चार स्तर करून वाढीव नियम आले. तुमच्या हाती आलेलं परिपत्रक या साखळीतलं आहे. लिहिणाऱ्यांनी काउंटर पाहिलेलं नाही, हे खरं. त्यांची भीती खोटी नाही, हेही खरं.

तेव्हा आता काय करायचं. सर्वांत आधी स्वतःचा पासवर्ड बदला. हा अंक हातात आहे तोवर नाही, उद्या बँक उघडल्यावर पहिलं काम म्हणून. तो अण्णांना ठाऊक असताना तुम्ही या विषयावर कुणाशीही बोलू शकत नाही, त्यांच्याशी तर नाहीच.

मग अण्णांशी बोला. केबिनमध्ये बोलावून नको. कॅश बंद झाल्यावर, दोघांच्या समोर चहा असताना. सुरुवात तुमच्या चुकीपासून करा: 'अण्णा, त्या दिवशी मी तुम्हाला पासवर्ड सांगितला, तो सांगायला नको होता. मी तुम्हाला अडचणीत टाकलं.' त्यांना आश्चर्य वाटेल, कारण त्यांच्या मते त्यांनी तुम्हाला मदत केली. मग समजावून सांगा. माझ्या आयडीने काही गैर झालं तर चौकशीत आधी मी सापडेन, कारण नोंद माझ्या नावाची. आणि मी म्हणेन, पासवर्ड अण्णांना माहीत होता. म्हणजे ज्यांनी मला काम शिकवलं त्यांचं नाव माझ्याच तोंडून घ्यावं लागेल. साहेबांच्या आयडीचंही तेच. निवृत्तीला थोडी वर्षं उरलेल्या माणसाच्या ग्रॅच्युइटीवर असा डाग नको. आपल्यात कुणी परकं नाही, म्हणून तर मी हे बोलतेय.

पाहा, नियम तोच राहिला, पण आपलेपणा आता त्याच्या विरोधात उभा नाही. नियम पाळायला लावणारी सर्वांत बळकट गोष्ट मला हीच दिसली आहे: ज्याला आपण मानतो तो माणूस तो पाळतो. तिजोरीची किल्ली नव्या कॅशियरने कशी सांभाळायची हे कुठल्या परिपत्रकाने शिकवलं नाही, अण्णांनी शिकवलं. अण्णा एकदा वळले की कॅल्क्युलेटरखालची चिठ्ठी आपोआप जाईल. म्हणून नव्या मुलाला पासवर्डचं शिकवायचं काम त्यांनाच द्या. ते तुमच्यापेक्षा चांगलं शिकवतील.

शाखाधिकाऱ्यांशी बोलणं अवघड जाईल, कारण मेमोची भाषा करणाऱ्याचाच आयडी इथे सर्रास वापरला जातो. त्यांना एकांतात सांगा आणि तोंडी दोषारोप करण्याऐवजी कागद पुढे ठेवा: बाहेर जाण्याच्या दिवशी त्यांच्या मर्यादेतल्या एंट्र्यांसाठी अधिकार रीतसर दुसऱ्या अधिकाऱ्याकडे सोपवायचा अर्ज. त्यावर त्यांची सही घ्या. ते टाळत राहिले तर दुसऱ्यांदा लेखी द्या, आणि तरीही काही हललं नाही तर मुख्य कार्यालयाच्या तपासणी विभागाला कळवा. तेव्हा संकोच करू नका.

यादीबद्दल माझं स्पष्ट मत सांगते. मुदतीच्या आत उत्तर पाठवा, पण नावांऐवजी कारणांची यादी पाठवा. कोणता नियम, दिवसातून साधारण किती वेळा, कोणत्या वेळी आणि काय अडल्यामुळे मोडतो, एवढं दोन दिवस काउंटरमागे उभं राहून टिपून घ्या. त्यापुढे मागणी लिहा. शाखाधिकारी नसताना पास करण्यासाठी दुसऱ्या अधिकाऱ्याला स्वतःच्या आयडीवर मर्यादा वाढवून मिळावी. केवायसीची कागदपत्रं क्लार्कच्या खासगी फोनवरून जातात, कारण स्कॅनर एकच आहे आणि तो बिघडलेला असतो, दुसरा मिळावा. कॅश काउंटरवर लॉकची वेळ बदलावी किंवा काही बँकांनी केलं आहे तसं बोटाच्या ठशाने लॉगिन मिळावं, म्हणजे ४० वेळा टाइप करणं संपेल. आणि स्वतःच्या चुकीचा एक परिच्छेद घाला: माझा पासवर्ड एकदा सहकाऱ्याला सांगितला गेला होता, अमुक तारखेला बदलला आहे. हा परिच्छेद लिहिताना हात थरथरेल. पण खोट्या हमीपत्रावर सही केल्यावर जे ओझं राहतं त्यापेक्षा हे हलकं आहे. नावं हवीतच असा आग्रह झाला, तर पहिलं नाव स्वतःचं द्या आणि बाकीच्यांना त्याआधी, त्यांच्या तोंडावर सांगा. मागून काही पाठवू नका.

एका बाबतीत मात्र चहा, समजूत, १५ दिवस, काहीच नाही. कुणी वेळ संपल्यावर एंट्र्या पास करत असेल, त्याच त्या एक-दोन खात्यांत पैसे फिरत असतील, व्हाउचर सापडत नसेल, एखादा माणूस वर्षानुवर्षं रजाच घेत नसेल आणि दुसऱ्याला आपल्या टेबलावर बसू देत नसेल, तर त्याच दिवशी वर कळवा. तो माणूस अण्णा असले तरी.

हे पत्र वाचणाऱ्या इतरांनाही थोडं सांगते. बँकेच्या जागी रुग्णालय असेल तर डॉक्टरांच्या लॉगिनवर परिचारिका औषधाची नोंद करत असतात. शाळा असेल तर पोर्टलचा एकच पासवर्ड सगळ्या शिक्षकांना पाठ असतो, शेवटच्या तारखेच्या रात्री माहिती भरणारा दुसराच कुणी असतो. सॉफ्टवेअर कंपनी असेल तर घाईची फाइल खासगी ईमेलवरून जाते, कारण कंपनीची परवानगी यायला चार दिवस लागतात. सुरक्षेची जबाबदारी तुमच्याकडे असेल तर प्रत्येक ठिकाणी आधी एवढंच विचारा: नियम पाळून हे काम वेळेत करायचं ठरवलं तर नेमकं कसं करता येईल? ते प्रत्यक्ष करून दाखवता आलं नाही, तर नावं लिहून घेण्याआधी ती वाट तयार करा.

ताई, तुम्ही कृतघ्न होणार का, असं विचारलंत. अण्णांनी तुम्हाला पहिल्या वर्षी व्हाउचर तपासायला शिकवलं तेव्हा काय सांगितलं होतं, ते आठवून पाहा. बहुधा हेच, की समोरचा कितीही ओळखीचा असला तरी सही पडताळल्याशिवाय पैसे द्यायचे नाहीत. चहाच्या वेळी त्यांना ते त्यांच्याच शब्दांत सांगा. आणि ते काय म्हणाले, मला जरूर कळवा.